टीव्ही कोणाकडे पाहतो?

प्रश्न: आमच्या घरी संध्याकाळी साडेसहापासून रात्री साडेदहापर्यंत मालिका चालू असतात. सासूबाई मन लावून पाहतात, मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. पूर्वी ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ लागायची तेव्हा आम्ही सगळे कामं आटपून बसायचो. आता तसं काही का होत नाही? कोणी म्हणतं टीआरपीमुळे, कोणी म्हणतं ‘बायकांना हेच आवडतं.’ या बायका म्हणजे नक्की कोण? आमच्याकडे तर आजवर कोणी विचारायला आलेलं नाही.
— एक वाचक, कराड

उत्तर: शेवटापासून सुरुवात करतो. तुमच्याकडे कोणी आलं नाही, आणि येण्याची शक्यताही फार कमी. देशात टीव्ही असलेली घरं एकवीस कोटींच्या आसपास आहेत. त्यांतल्या पन्नास-पंचावन्न हजार घरांत प्रेक्षकसंख्या मोजणारं यंत्र बसवलेलं आहे. हे काम २०१५पासून ‘बार्क’ ही संस्था करते, त्याआधी ‘टॅम’ करायची. वाहिनीच्या आवाजात माणसाच्या कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती हे यंत्र ओळखतं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एकेक बटण असतं. टीव्हीसमोर बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना परत दाबायचं. अशा एखाद्या घरातल्या आजींनी बटण दाबलं, की सुमारे चार हजार घरांच्या वतीनं त्यांचं मत पडतं.

नमुना लहान म्हणून आकडे खोटे, असं मात्र समजू नका. शितावरून भाताची परीक्षा होतेच, फक्त शितं सगळ्या भांड्यातून उचललेली हवीत. ही घरं कोणती हे म्हणूनच गुप्त ठेवतात. काही घरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवायला पैसे दिले गेले, असा आरोप ऑक्टोबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी केला. त्यानंतर ‘बार्क’नं वृत्तवाहिन्यांचे आकडे देणंच थांबवलं, ते मार्च २०२२मध्ये पुन्हा सुरू झाले. पण तो चोरीचा मामला झाला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर चोख मोजलेल्या आकड्यांत आहे.

तर ‘बायका म्हणजे कोण?’ जमा झालेल्या आकड्यांचे तुकडे पाडले जातात: बाई की पुरुष, वय किती, शहर की गाव. आणि घर कोणत्या गटातलं, हेही. हा गट उत्पन्न विचारून ठरत नाही, कारण उत्पन्न कोणी खरं सांगत नाही. घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि अकरा गोष्टींपैकी किती घरात आहेत, यावरून तो काढतात. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. पुस्तकांच्या कपाटाला या यादीत जागा नाही. नाटकाच्या तिकिटांनाही नाही. यादी करणाऱ्यांचा यात काही दोष नाही, त्यांना तुमची रसिकता मोजायचीच नव्हती. तुम्ही उद्या काय विकत घ्याल, एवढंच त्यांना हवं होतं.

वाहिनीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे साबण, मसाले, चहा, फेअरनेस क्रीम, गृहकर्ज विकणारी कंपनी. ती दहा-दहा सेकंदांच्या हिशेबानं वेळ विकत घेते आणि अमुक वयाच्या, अमुक गटातल्या इतक्या बायका त्या वेळी समोर असतील, याची किंमत मोजते. घरात काय आणायचं ते बाई ठरवते, असा या धंद्याचा जुना समज आहे, आणि तो अगदीच चुकीचा नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात दुपारच्या रेडिओ मालिका साबणाच्या कंपन्याच चालवत होत्या. तेव्हा ‘बायकांना हेच आवडतं’ हे वाक्य अर्धं आहे. ज्या बायकांना विकायचं आहे, त्यांच्यापैकी सर्वांत जास्त बायका ज्यावर उठून जात नाहीत ते हे. आवडणं आणि उठून न जाणं यांत केवढा फरक आहे, हे पोळ्या लाटता लाटता मालिका ऐकणाऱ्याला मी काय सांगावं!

इथपर्यंत ऐकलं की वाटतं, प्रेक्षकावर असा नेम धरणं हेच दर्जा घसरण्याचं कारण. मला ते पटत नाही.

१९७१ साली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीनं एका झटक्यात आपले खेड्यापाड्यांतले कार्यक्रम बंद केले. ‘द बेव्हर्ली हिलबिलीज’, ‘ग्रीन एकर्स’, ‘मेबेरी आर.एफ.डी.’, लोकगीतं आणि विनोदाचा ‘ही हॉ’, सगळे गेले. हे पडलेले कार्यक्रम नव्हते. त्यांतले दोन तर त्या हंगामात देशातल्या पहिल्या विसांत होते. पण त्यांचा प्रेक्षक वयानं मोठा, गावातला. जाहिरातदारांना शहरातला, तरुण, पगारदार प्रेक्षक हवा होता. किती माणसं पाहतात यापेक्षा कोण पाहतं याला किंमत आली. कार्यक्रम ठरवणाऱ्या फ्रेड सिल्व्हरमन यांच्या नावावर ही कत्तल आजही सांगितली जाते.

मग त्या जागी काय आलं? ‘ऑल इन द फॅमिली’ त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाली होती. त्यात काळ्यांबद्दल, बायकांबद्दल, तरुणांबद्दल वाटेल ते बोलणारा एक कामगार बाप आणि त्याच्याशी रोज भांडणारा जावई होता. व्हिएतनामचं युद्ध, वंशभेद, गर्भपात हे विषय दिवाणखान्यातल्या कोचावर आले. पुढच्या वर्षी युद्धाची टिंगल करणारी ‘मॅश’ आली. दोन्ही अमेरिकन टीव्हीच्या अभिमानाच्या गोष्टी आहेत. नेम अरुंद केल्यामुळे लेखकांना मोकळीक मिळाली, कारण आता सगळ्यांना सांभाळायचं नव्हतं. हीच गोष्ट १९८१मध्ये एनबीसीच्या ‘हिल स्ट्रीट ब्ल्यूज’ची. पहिल्या वर्षी तिचे आकडे रडके होते. पण पाहणारे शिकलेले, शहरी, खर्च करणारे होते, म्हणून वाहिनीनं दम धरला. तिला त्या पहिल्याच वर्षासाठी आठ एमी पुरस्कार मिळाले.

पण या गोष्टीला एक शेपूट आहे. काढून टाकलेला ‘ही हॉ’ स्थानिक वाहिन्यांवर आणखी वीसेक वर्षं चालला, म्हणजे तो पाहणारी माणसं कुठे गेली नव्हती. आणि सीबीएसनंच १९७२मध्ये ‘द वॉल्टन्स’ ही व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या, मंदीच्या काळातल्या एका कुटुंबाची मालिका सुरू केली. ती १९८१पर्यंत चालली आणि नावाजली गेली. तेव्हा गावात काही खोट नव्हती. खोट होती ती गावाबद्दलच्या आळशी विनोदात.

आपल्याकडे बरोबर उलटं घडलं. ‘टॅम’चं मोजमाप मुख्यतः शहरांपुरतं होतं. ऑक्टोबर २०१५मध्ये ‘बार्क’च्या आकड्यांत ग्रामीण घरं आली आणि वाहिन्यांना अचानक दिसलं, की आपला प्रेक्षक दादर, डोंबिवली आणि कोथरूड इथे संपत नाही. पुढच्या दीड-दोन वर्षांतली ‘झी मराठी’ आठवा. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये सिंधुदुर्गातला वाडा आणि मालवणी आली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली राधिका नागपुरी बोलू लागली. ‘तुझ्यात जीव रंगला’त कोल्हापूरकडचा पैलवान नायक झाला, ‘लागिरं झालं जी’त साताऱ्याकडचा फौजी. हे सगळं फक्त आकड्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. ‘चला हवा येऊ द्या’नं बोलीभाषांची लाज आधीच घालवली होती. पण ज्यांची मोजणी होत नव्हती, त्यांची भाषा तोवर पडद्यावर बहुधा घरगड्याच्या किंवा विनोदी मामाच्या तोंडी असायची. मोजणी सुरू झाली आणि ती नायकाच्या तोंडी आली. याचं श्रेय नेम धरणाऱ्यांना द्यायला मी कचरणार नाही.

आणि मग सहा महिन्यांत त्या गावात काय झालं? कट करणारी वहिनी आली. पैलवानाची तालीम मागे पडली, शाळेत शिकवणारी त्याची बायको घरात कोंडली गेली. गाव बदललं, वाडा बदलला, गोष्ट तीच.

मला वाटतं गफलत इथे आहे. प्रेक्षकावर नेम धरल्यामुळे विषय आणि माणसं ठरतात. दर्जा खाते ती लांबी, आणि दर आठवड्याची धास्ती.

‘आई कुठे काय करते’ घ्या. घरच्या बाईसाठी मालिका करायची म्हटल्यावर चाळिशी ओलांडलेली, तीन मुलांची आई, कोणाच्या खिजगणतीत नसलेली अरुंधती ही नायिका होऊ शकली. मूळ गोष्ट बंगालीतल्या ‘श्रीमोयी’ची. हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली. तिन्ही भाषांत चालली, कारण डबा भरून देणारी आणि कोणी न विचारणारी बाई तिन्हीकडे आहे. सुरुवातीचे कित्येक भाग मी गंभीरपणे पाहिले आहेत. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर ती ज्या शांतपणे बोलते, तसं मराठी सिनेमातही फार वेळा पाहिलेलं नाही. पण ती मालिका डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ चालली. पाच वर्षं! घटस्फोट होऊन स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई पुन्हा पुन्हा त्याच घराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहिली, कारण ती दूर गेली तर खलनायक कोणाशी भांडणार?

लांबीचं गणित साधं आहे. नव्या मालिकेला प्रोमो, होर्डिंग, सेट, कपडे यांवर आधी पैसे ओतावे लागतात आणि लोकांना आठ वाजताची सवय लावायला काही महिने जातात. एकदा सवय लागली की प्रत्येक पुढचा भाग स्वस्त पडतो. म्हणून चालणारी मालिका कोणी बंद करू देत नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. एवढ्या काळात पोरगं बारावीपर्यंत पोचतं.

त्यावर दर गुरुवारची धास्ती. गुरुवारी आकडे येतात, तेही मिनिटामिनिटाचे. कोणत्या प्रसंगाला आलेख खाली गेला ते वाहिनीच्या ‘क्रिएटिव्ह’ मंडळींना दिसतं. तयार भागांची बँक बहुतेकदा थोड्याच दिवसांची असते, त्यामुळे शुक्रवारी ट्रॅक बदलला तर पुढच्या आठवड्यात पडद्यावर दिसू शकतो. संवादलेखक सेटवर बसून पानं पाठवतोय आणि कलाकार मेकअप करता करता ती वाचताहेत, हे या धंद्यात नित्याचं. अर्ध्या तासात गोष्टीला बावीसेक मिनिटं मिळतात. त्यांतली काही कालच्या भागाची आठवण करून देण्यात, काही ब्रेकआधीच्या धक्क्यात आणि काही तिघांच्या चेहऱ्यांवर तीनदा कॅमेरा नेण्यात जातात. हे दिग्दर्शकाला समजत नाही असं नाही. तुमच्यासारख्या बाईचे हात कणकेत आहेत आणि डोळे तव्यावर, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तो प्रत्येक गोष्ट तीनदा सांगतो, तीही संगीतासह. ऐकून समजेल अशी मालिका तो बनवतो. जिला पाहायची आहे तिच्या वाट्याला काही उरत नाही.

आता ‘टिपरे’. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरची ती मालिका केदार शिंद्यांनी ‘अल्फा मराठी’साठी केली. तिला ना कट करणारी वहिनी होती, ना महाल. पण मुख्य म्हणजे ती आठवड्यातून एकदा लागायची! लिहायला आठवडा मिळायचा आणि प्रत्येक भागाची गोष्ट त्या भागात संपायची. टिपरे आबांचा एखादा भाग फसला तर पुढच्या वेळी नवा डाव. प्रेक्षक कोण, हे त्यांनाही पक्कं माहीत होतं. तीन पिढ्या एका फ्लॅटमध्ये राहणारं मध्यमवर्गीय मराठी घर. नेम होताच, घाई नव्हती.

रोजची मालिकाही बरी होऊ शकते, याची उदाहरणं आहेत. २०१५मध्ये आलेली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ मुंबईत एकत्र राहणाऱ्या सहा तरुणांची होती. रात्री साडेदहाला, म्हणजे सासूबाईंची वेळ संपल्यावर लागायची. त्या वेळेत गमवायला फारसं काही नव्हतं, म्हणून त्यांना हवं ते करता आलं, आणि वर्षभरात ती थांबवली गेली. ‘उंच माझा झोका’ ही रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची, म्हणजे गोष्टीचा शेवट आधीच ठरलेला. रमाबाईंना कोणी पुन्हा बोहल्यावर उभं करू शकत नव्हतं, हे मालिकेचं मोठंच भाग्य.

तुमच्या सासूबाईंना दोष देऊ नका. त्या रोज हजर असतात, म्हणूनच या धंद्यात त्यांची एवढी भीती आहे.

प्रश्न: दूरदर्शनच्या काळात टीआरपी नव्हता, जाहिरातदारांची सत्ता नव्हती. म्हणूनच कार्यक्रम चांगले होते ना?
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: गुरुजी, आपण चांगले तेवढेच लक्षात ठेवले आहेत. ‘चिमणराव’ आणि ‘गजरा’ आठवतात. मंत्र्यांच्या उद्घाटनांची मिनिटंच्या मिनिटं विसरलो. आणि नेम तेव्हाही होता. ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्यासाठीच होता, फक्त त्याला काही विकायचं नव्हतं. १९८४ची ‘हम लोग’ कुटुंबनियोजनाचा संदेश पोचवण्यासाठी सुरू झाली आणि तिला प्रायोजक मिळाला तो मॅगी बनवणारा. पहिल्या भागांतला उपदेश लोकांना कंटाळवाणा वाटला, ढीगभर पत्रं गेली, मग मनोहर श्याम जोशींनी उपदेश कमी करून माणसांकडे मोर्चा वळवला आणि ती चालली. म्हणजे प्रेक्षकाचं म्हणणं ऐकून दर्जा वाढल्याचंही उदाहरण त्या काळातलंच. पत्रात ‘का आवडलं नाही’ ते लिहिलेलं असायचं. बटणातून फक्त ‘उठलो’ एवढंच कळतं.

प्रश्न: माझी नातवंडं सात आणि नऊ वर्षांची. त्यांच्यासाठी मराठीत रोजचा एकही चांगला कार्यक्रम का नसावा? मुलं मोजली जात नाहीत का?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर: मोजली जातात, अगदी दोन वर्षांच्या बाळापासून. पण बिस्किटं, चॉकलेटं आणि दुधात घालायच्या पावडरींच्या जाहिराती कार्टून वाहिन्यांकडे जातात. तिथे चित्र एकदाच काढायचं आणि आवाज तेवढा अनेक भाषांत बदलायचा, म्हणजे खर्च देशभर वाटला जातो. मराठी मनोरंजन वाहिनीला संध्याकाळचा अर्धा तास मुलांना देणं म्हणजे त्यांच्या आजीला शेजारच्या वाहिनीवर पाठवणं. शिवाय रिमोट आजीकडे असतो.

बाजाराला हे परवडत नाही, तर सरकारनं करावं, ही अपेक्षा रास्त आहे. तशी सोय पुण्यात होती. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी ‘बालचित्रवाणी’ १९८४मध्ये सुरू झाली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागत, ते पाहिलेली मुलं आज तुमच्या नातवंडांच्या आईवडिलांच्या वयाची आहेत. केंद्राचा निधी थांबला, कर्मचाऱ्यांचे पगार रखडले आणि २०१७मध्ये राज्य सरकारनं ती बंद केली.